तीन मीटर एकसष्ट

इलुलिसाट, २८ एप्रिल २०२४

सालिक,

वर्षभर मी लिहिलं नाही. तूही नाही. आज लिहिते आहे, कारण पुढच्या सोमवारी मी वर हिमचादरीवर जाते आहे आणि ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये.

जागा तीच. तीन वर्षांपूर्वी तू, मी आणि एनोक जिथे होतो, तिथला फिर्न पुन्हा मोजायचा आहे. उन्हाळा काढून खाली दबत गेलेलं हिम तीन वर्षांत किती घट्ट झालं आणि वितळलेलं पाणी पोटात धरायला त्यात किती पोकळी उरली, एवढंच पाहायचं. तू त्याला ‘शिळं हिम’ म्हणायचास. “ताजं हिम लोक तुडवतात, शिळं हिम माझी बहीण मोजते.” संस्थेत मी हे सांगितलं तेव्हा सगळे हसले. कोण म्हणालं ते मी सांगितलं नाही.

मी नाही म्हटलं असतं तर कोणी कारण विचारलं नसतं. माझा माणूस तिथे मेला आहे. पण मी गेले नाही तर दुसरं कोणीतरी जाईल, आणि तिथलं हिम माझ्याइतकं कोणाला माहीत नाही.

तुझी पत्रं तुरुंगाच्या कार्यालयात आधी उघडून वाचतात, हे तू नूकला पहिल्याच भेटीत मला दोनदा सांगितलंस. माझ्या लक्षात आहे. म्हणून घरच्या बातम्या.

गाडी ओढणाऱ्या तुझ्या कुत्र्यांचा म्होरक्या मेला. मागचा पाय दुखावला होता, दोन दिवस तो उभा राहिला नाही. तिसऱ्या दिवशी बाकीच्यांनी त्याला फाडला. मी आवाज ऐकून पोचले तेव्हा पोट उघडं होतं आणि डोकं अजून हलत होतं. बंदूक आणायला घरात गेले आणि आले, तेवढ्यात तेही थांबलं. रेगिनेचा मामा रोज त्यांना खायला घालतो, पण खायला घालणारा म्हणजे मालक नव्हे, असं तूच म्हणायचास. आता अकरा उरले आहेत. ते एकमेकांकडे बघत बसतात.

रेगिने बरी आहे. तुझा मुलगा पावणेतीन वर्षांचा झाला. तू त्याला भेटीला आणू देत नाहीस, म्हणून सांगते: ज्युडिथे रोज येते त्याच्याकडे. एनोक गेल्यावर बारा आठवड्यांनी जन्मलेल्या मुलाला एनोकचंच नाव मिळणार, हे ठरल्यासारखंच होतं. फक्त ते मूल तुझं होतं, एनोकला मारल्याबद्दल आत गेलेल्या माणसाचं, म्हणून सगळं गाव गप्प होतं. ज्युडिथे इस्पितळात आली, तुझ्या मुलाला हातात घेतलं आणि आपल्या मुलाचं नाव त्याच्या कानात सांगितलं. तेव्हापासून त्याला ‘लेका’ म्हणते. आजीचं नाव मला मिळालं म्हणून आईसुद्धा मला ‘आई’ म्हणायची, तू ‘आजी’ म्हणायचास. तसंच हे. नाव आलं की माणूस परत आला.

तो माझ्याकडे येत नाही. आला तर रडतो.

तुकुम्मेक


हिमचादरीवर, १६ मे २०२४

सालिक,

उद्या विमान सामान घेऊन येईल, त्याबरोबर हे पत्र खाली जाईल. उणे एकोणीस, वारा सेकंदाला अकरा मीटर.

माझ्याबरोबर लाउरित्स आहे. डॅनिश, चोवीस वर्षांचा, शिकाऊ. काम चोख करतो आणि फार बोलतो. काल त्याने ड्रिल लावायची जागा निवडली. नियम तुला आठवत असेल: जुन्या खड्ड्यापासून दहा मीटरच्या आत ड्रिल लावायचं नाही. खड्डा मोजून झाल्यावर आपण तो उपसलेल्या हिमानेच बुजवतो, आणि ते ढवळलेलं हिम पुढे कितीही वर्षं दबलं तरी मोजण्याच्या लायकीचं राहत नाही. २०२१च्या खड्ड्याची जागा माझ्या अहवालात आहे: वारा मोजायच्या खांबापासून वीस मीटर पूर्वेला. म्हणून लाउरित्स खांबाच्या पश्चिमेला गेला. बारा मीटर.

मी म्हणाले, “अजून थोडं लांब जाऊ.”

“का?”

“असंच.”

“असंच, हे तू म्हणतेस?” तो हसला. “काल मी वजन दोन ग्रॅमने चुकवलं तेव्हा अर्धा तास ऐकवलंस.”

आम्ही तिथेच ड्रिल लावलं.

पहिले पावणेदोन मीटर नीट निघाले. प्रत्येक उन्हाळा वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फाची एक पातळ चकती सोडून जातो. तेवीस, बावीस, एकवीस, तिन्ही जागच्या जागी. त्याच्याखाली वीस आणि एकोणीस यायला हवे होते. आले नाहीत. नुसते गोळे, उलटेसुलटे, एकमेकांना चिकटलेले.

“दोन उन्हाळे गायब आहेत,” लाउरित्स म्हणाला. “कोणीतरी ढवळलंय हे.”

“वारा.”

“दोन मीटर खोल? तुमच्याकडचा वारा फावडं घेऊन येतो की काय?”

मी ड्रिल पुन्हा खाली सोडलं. हिमाचा पुढचा लांबट गाभा वर आला, त्याने तो पन्हाळीत ठेवला, पट्टी लावली आणि थांबला. तीन मीटर एकसष्टवर तांबडी चकती होती. जाडी चौदा मिलिमीटर.

“इथे कोणी सील मारला होता का?”

“समुद्र इथून एकशेवीस किलोमीटर आहे. सील चालत येत नाहीत.”

मग त्याला आठवलं. इथे येणाऱ्या प्रत्येकाला ती गोष्ट सांगतात. त्याचा चेहरा उतरला. “माफ कर. तुझा नवरा. माफ कर.” मग पट्टीकडे पाहून म्हणाला, “पण ते तंबूबाहेर, वर झालं होतं ना? म्हणजे त्या वेळच्या वरच्या थरावर. ते आता पावणेदोन मीटरवर असायला हवं. हे तर त्याच्याही जवळजवळ दोन मीटर खाली आहे.”

“हो.”

“वितळलेलं पाणी,” तो म्हणाला. “उन्हाळ्यात पाण्याबरोबर खाली उतरलं असेल. उतरतं की.”

मी तो तुकडा पिशवीत बंद केला आणि पिशवीवर खोली लिहिली. नोंदवहीत ‘शेरा’ म्हणून एक रकाना असतो. तो मोकळा ठेवला आहे. अहवाल ऑगस्टच्या मध्याला द्यायचा आहे.

तू बरा आहेस ना?

तुकुम्मेक


हिमचादरीवर, ४ जून २०२४

सालिक,

तुझं पत्र आजच्या विमानाने आलं. चौदा महिन्यांनी, दीड ओळ. “आजी, पाणी खाली जातं. हे मला तूच शिकवलंस.”

मी शिकवलं ते अर्धं होतं. आज उरलेलं सांगते.

फिर्नमधून पाणी उतरतं तेव्हा ते शेपूट सोडत जातं. वरपासून खालपर्यंत फिकट होत गेलेली रेघ दिसते. कडक थर लागला की आडवं पसरतं, वाट सापडली की पुन्हा खाली. या गाभ्यात वर काही नाही. खाली काही नाही. मध्ये एक चकती, कडा साफ. ती जिथे आहे तिथेच पडलेली आहे, सपाट जागेवर, आणि तिच्यावर लगेच हिम टाकलेलं आहे. लाउरित्स अजून शिकतो आहे, म्हणून त्याला पाणी पुरतं. मला पुरत नाही.

पण ‘शेरा’च्या रकान्यात ‘पाण्याबरोबर उतरले असावे’ असं मी लिहिलं, तर कोणी विचारणार नाही. माझ्या सहीला लोक मानतात.

परवा वादळ झालं. सेकंदाला एकेचाळीस मीटरपर्यंत मोजलं, मग मापकच उडून गेला. तंबूची एक तार तुटली आणि चाबकासारखी फिरत राहिली. लाउरित्सच्या गालावर बसली, कानापासून ओठापर्यंत. मी सात टाके घातले. तो ओरडला नाही, फक्त मला काहीतरी विनोद करायला सांगत होता. मला एकही आठवला नाही.

दुसरी गोष्ट त्याच्या आधीची. वादळ वाढत होतं आणि मी ड्रिलच्या खड्ड्यात वाकून खुंट्या ठोकत होते. लाउरित्सने मागून येऊन माझं जॅकेट धरलं, आत ओढण्यासाठी. आवाजात मला तो आलेला कळला नव्हता. मी वळले तेव्हा हातोडा वर गेलेला होता. त्याने हात सोडले आणि दोन पावलं मागे सरकला. हातोडा खाली आणायला मला किती सेकंद लागले, ते मी मोजलं नाही.

“मी आहे, मी,” तो म्हणत होता. “तुकुम्मेक, मी आहे.”

टाके घालताना त्याने विचारलं, “कोण आहे असं वाटलं तुला?”

“सुई हलेल. बोलू नकोस.”

सालिक, तुझ्या दीड ओळीचा मला राग आला. तुला आठवतं का, २०२०च्या नोव्हेंबरात मी धक्क्यावर आले होते, जबडा इतका सुजलेला की तोंड उघडत नव्हतं? तू होडी धूत होतास. वर पाहिलंस, पाहत राहिलास, आणि म्हणालास, “हॅलिबट मासा यंदा खोल गेलाय.” मग पुन्हा होडी धुवायला लागलास. एनोक तुझा लहानपणापासूनचा मित्र होता. मी समजू शकते. समजते म्हणजे विसरले असं नाही.

जबडा वाकडा जुळला. थंडीत दुखतो.

तुकुम्मेक


इलुलिसाट, १० ऑगस्ट २०२४

सालिक,

काल तुझ्या मुलाचा तिसरा वाढदिवस झाला. रेगिनेने सकाळपासून दार उघडं ठेवलं होतं, आणि गाव येऊन कॉफी पिऊन, केक खाऊन जात होतं. ज्युडिथेने व्हेलचं कातडं आणलं होतं, बारीक चिरून, कारण एनोकला ते बारीक चिरलेलं आवडायचं. पोराने तीन तुकडे खाल्ले आणि चौथा थुंकला. “असाच!” ज्युडिथे म्हणाली. “चौथा नेहमी थुंकायचा.”

मी उशिरा गेले. आत शिरले तशी ज्युडिथेने पोराला उचललं.

“बघ रे लेका, कोण आलंय! तुझी बायको आली!”

बायका हसल्या. कोणीतरी म्हणालं, “अगं घे की नवऱ्याला, किती लांब उभी राहशील?” ज्युडिथेने त्याला माझ्या हातात दिलं. या वेळी तो रडला नाही. माझ्याकडे बघत राहिला आणि माझ्या तोंडात मारली.

मग ज्युडिथे हसली. “हात तोच गं बाई! ओळखलंन तिला!”

सगळे हसले. मीही हसले. सगळे हसताहेत म्हटल्यावर पोर खूश झालं आणि त्याने पुन्हा मारली, या वेळी मूठ करून, जबड्यावर, डाव्या बाजूला. आणखी मोठा हशा झाला. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा मी त्याचं मनगट धरलं. केवढंसं मनगट, सालिक. माझी दोन बोटं त्याच्याभोवती पुरून उरली. त्याला दुखलं नसणार, पण त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू गेलं.

“सोड त्याला,” रेगिने म्हणाली. “खेळतोय तो.”

मी सोडलं.

नंतर स्वयंपाकघरात ज्युडिथे कप धूत होती, मी पुसत होते. ती मागे न बघता बोलायला लागली. “लहानपणीही असाच होता. मोठ्या माणसांना मारायचा. त्याचा बाप हसायचा. मग मीही हसायची. हसलं नाही तर बापाचा हात माझ्यावर यायचा.”

मी पुढचा कप उचलला.

“तुझा जबडा थंडीत दुखतो का गं अजून?”

चार वर्षांत हे मला पहिल्यांदा कोणीतरी विचारलं. आणि विचारलं ते त्याच्या आईने.

“दुखतो,” मी म्हणाले.

ती दुसरा कप घेऊन धुवायला लागली. “सालिक माझ्या घरी वाढला. एका ताटात जेवायचे दोघं. बर्फगाडीवरून भांडण झालं, असं जबाबात म्हणाला; तेवढ्यासाठी तो एनोकला मारेल?” मग माझ्या हातातल्या कपाकडे बघून म्हणाली, “मी काही विचारत नाहीये. पूस तू.”

मी कप पुसला. तो कधीच कोरडा झाला होता.

बाहेरच्या खोलीत पोर कोणालातरी मारत होतं. आवाज येत होता, आणि त्याच्या पाठोपाठ हशा.

तुकुम्मेक


इलुलिसाट, १३ ऑगस्ट २०२४

सालिक,

हे पत्र तुझ्या आधी तिथल्या कार्यालयात वाचलं जाईल. ते मला माहीत आहे, आणि म्हणून मी ते स्वच्छ अक्षरात लिहिते आहे.

१८ मे २०२१. मी खड्ड्यात होते, खांबापासून बारा मीटर पश्चिमेला, दोन मीटर खोल. सावलीतल्या भिंतीत पोलादी नळी हातोड्याने ठोकून नमुने घेत होते, दर दहा सेंटिमीटरला एक. एकशेनव्वदपर्यंतचे झाले होते. घनता चारशे अडुसष्ट. तू तंबूत झोपला होतास. झोपलेला तू होतास, मी नाही.

एनोक पायऱ्या उतरून खाली आला. मी आदल्या दिवशी संस्थेला बिनतारीवर सांगितलं होतं की परत गेल्यावर मला वेगळी खोली हवी. ते त्याने ऐकलं होतं. त्याने मला भिंतीवर आपटलं, मग माझं तोंड भिंतीत दाबून धरलं. हिम नाकात गेलं. श्वास घेता येत नव्हता. तो म्हणाला, “मोज आता. किती घट्ट आहे ते मोज.” मी हातोडा मागे फिरवला. तो त्याच्या कानामागे लागला आणि पकड सुटली.

तो पहिला घाव. कायद्याचे लोक त्याला स्वसंरक्षण म्हणतील.

त्यानंतर तो गुडघ्यांवर बसला होता. डोकं धरून. पायऱ्या माझ्या मागे होत्या, मी वर जाऊ शकले असते. मी गेले नाही. मी आणखी दोन घाव घातले. दुसऱ्याच्या वेळी तो माझं नाव घेत होता. तिसऱ्याच्या वेळी नव्हता. मधलं अंतर चार ते पाच सेकंद असेल. तेवढ्यात मला विचार करायला वेळ होता आणि मी तो केला. हे मी सौम्य करून लिहिणार नाही.

मी तुला उठवलं. तू खाली पाहिलंस आणि विचारलंस, “किती?” मी म्हणाले, तीन. तू जबाबात तीनच सांगितलेस, म्हणून तुझा जबाब शवचिकित्सेशी जुळला. तू त्याला दोरीने वर ओढून तंबूपाशी नेलंस. मी खड्डा बुजवला. वादळ आलं, हेलिकॉप्टर तीन दिवसांनी आलं, आणि तोपर्यंत सगळं सपाट झालं होतं. कोणी खणलं नाही. तू गुन्हा कबूल करत होतास, मग कोण खणेल?

नोंदवहीत मी दोन खोट्या गोष्टी लिहिल्या. दोनशे सेंटिमीटरला घनता चारशे बहात्तर. तो नमुना मी घेतलाच नाही. आणि खड्ड्याची जागा: वीस मीटर पूर्वेला. मला वाटलं, खरी जागा लिहिली नाही तर कोणी तिथे जाणार नाही. नियम पाळणारा माणूस जुना खड्डा टाळतो. लाउरित्सने टाळला. मी लिहिलेल्या खोट्या खड्ड्यापासून तो बरोबर लांब गेला आणि खऱ्या खड्ड्यावर जाऊन उभा राहिला. मी खरी जागा लिहिली असती, तर पुढची शंभर वर्षं तिथे कोणी ड्रिल लावलं नसतं.

आता तुझ्याबद्दल. तू हे सगळं माझ्यासाठी केलंस असं आई मरेपर्यंत समजत होती, म्हणजे जेवढं तिला कळलं होतं तेवढ्यावरून. मला तसं वाटत नाही. तू ते धक्क्यावरच्या त्या सकाळसाठी केलंस. तू मला विचारलंसही नाहीस. “तू झोपली होतीस,” असं म्हणालास, आणि माझ्या हातातला हातोडा काढून घेतलास. मी तीन वर्षं ऐकलं. पण ते माझं होतं, सालिक. मार माझा होता, आणि घावही माझे होते. तू दोन्हीकडे पाहिलं नाहीस.

तुला राग येईल. येऊ दे. खोटा जबाब दिल्याबद्दल तुलाही काही भोगावं लागेल. वकील म्हणाली, ते बहुतेक भोगून झालेलं आहे.

आज सकाळी मी ज्युडिथेकडे जाऊन हे तोंडाने सांगितलं, याच क्रमाने. दुसरा आणि तिसरा घावही. ती उठून आत गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता, फुटण्याचाही. मग बाहेर आली आणि म्हणाली, “जा आता.” मी निघाले. तिने दार आपटलं नाही. हळू लावलं.

अहवाल दिला. ‘शेरा’च्या रकान्यात लिहिलं आहे: खोली ३.६१ मीटर. मानवी रक्त. २०२१च्या खड्ड्याचा तळ. खड्ड्याची जागा पूर्वी चुकीची नोंदवली होती; दुरुस्त केली. खाली सही. गाभ्याचा तुकडा संस्थेच्या शीतगृहात आहे, उणे पंचवीसला, पिशवी क्रमांक सव्वीस.

कार्यालयात हे पत्र वाचणाऱ्यास विनंती: कृपया ते वरिष्ठांना दाखवा, आणि मग माझ्या भावाला द्या. पूर्ण द्या. मी सोळा तारखेच्या विमानाने नूकला येते आहे. उतरल्यावर सरळ पोलीस ठाण्यात जाईन. माझ्यासाठी कोणी विमानतळावर यायची गरज नाही.

सालिक, तू घरी येशील तेव्हा मी तिथे नसेन. अकरा कुत्री आहेत, त्यांना आधी तुझा आवाज ऐकू दे, मग जवळ जा. तुझा मुलगा दारात येईल. सगळे सांगतील की हा तुझा मित्र आहे, नाव घेऊन परत आलाय. तू त्याला मित्र म्हण, नावाने हाक मार, मांडीवर घे.

तो तुला मारेल. खोलीतले सगळे हसतील.

तू हसू नकोस.

तुझी
आजी